"जागतिक नरसंहार दिन" म्हणजे काय हो? बळी कुठे गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

९ डिसेंबरच्या अंकात तुमच्या दिनविशेषच्या चौकटीत पहिलीच ओळ होती, "जागतिक नरसंहार दिन". बस, एवढंच. खाली कुणाचा जन्म कुणाचं निधन, नेहमीचं. मी ती ओळ तीनदा वाचली. जागतिक टपाल दिन, जागतिक हास्य दिन, आणि हा जागतिक नरसंहार दिन. म्हणजे काय, साजरा करायचा का? तुम्ही म्हणाल जागा नव्हती, दोन शब्द गाळले तर काय बिघडलं, पण ते दोन शब्द कोणते गाळले ते तरी बघा. बळी गाळले. ज्यांच्यासाठी तो दिवस आहे तीच माणसं गाळली आणि ज्याने ती मारली तो गुन्हा तेवढा ठेवला. आणि संध्याकाळी आमच्या एका ग्रुपवर तुमच्याच चौकटीचा फोटो फिरत आला, खाली गुलाबाचं फूल आणि "हार्दिक शुभेच्छा". पाठवणाऱ्याची चूक नाही म्हणत मी, तो बिचारा रोजच पाठवतो, वाचत नाही.

मी आयुष्यभर प्रुफं वाचली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय जात नाही, पेपर हातात घेतला की डोळा आधी चुकीवरच जातो, घरचेही वैतागतात. पण ही काही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी नावाचं बघू. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ च्या सप्टेंबरात ठराव करून हा दिवस ठरवला आणि त्याचं नाव ठेवलंय लांबलचक, मराठीत साधारण असं होईल, "वंशसंहाराच्या गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा आणि सन्मानाचा आणि हा गुन्हा रोखण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस". कबूल आहे, चौकटीत मावणार नाही. पण त्यात तीन कामं सांगितलीत, आठवण ठेवा, मान राखा, आणि पुन्हा होऊ देऊ नका. तुमच्या तीन शब्दांत तिन्ही गेली. "वंशसंहार बळी स्मृतिदिन" लिहा ना, सुटसुटीत आहे, अर्थही जात नाही.

आता नरसंहार की वंशसंहार. तुम्ही म्हणाल म्हातारी कीस काढत बसलीय. पण मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. नरसंहार म्हणजे माणसं मारणं, पुष्कळ माणसं मारणं. त्याला आपल्याकडे कत्तल आहे, हत्याकांड आहे, शब्दांची कमी नाही. वंशसंहार म्हणजे वेगळी गोष्ट, हवं तर वंशविच्छेद म्हणा, तोही शब्द चालतो. त्यात माणूस मारला जातो तो त्याने काही केलं म्हणून नाही, तो अमक्यांच्यात जन्मला म्हणून, आणि मारणाऱ्याला तो एकटा नको असतो असं नाही, ते अमके सगळेच नको असतात. इंग्रजीत जेनोसाइड म्हणतात तो शब्द याच्यासाठीच घडवला गेला, ग्रीकमधला वंश आणि लॅटिनमधलं मारणं जोडून, आणि तो घडवणारा माणूस कोण होता हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

राफाएल लेमकिन. पोलंडमधला ज्यू वकील, जन्म १९००. लव्होव्हला शिकत होता तेव्हा बर्लिनमधल्या एका खटल्याची बातमी त्याने वाचली. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांना गावंच्या गावं घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं आणि मारलं, त्यात ज्याचा मुख्य हात होता तो मंत्री तलत पाशा पुढे बर्लिनमध्ये राहायला आला होता आणि १९२१ च्या मार्चमध्ये सोगोमोन तेहलिरियन नावाच्या आर्मेनियन तरुणाने त्याला भर रस्त्यात गोळी घातली. लेमकिनने आपल्या प्राध्यापकाला विचारलं की या पोरावर खटला चालतो, मग तलतला कुणी अटक का नाही केली. लेमकिनने आठवणींत लिहिलंय की प्राध्यापक म्हणाले, समज एखाद्या माणसाच्या मालकीच्या कोंबड्या आहेत, त्याने त्या मारल्या, तर तू मध्ये बोलणारा कोण. म्हणजे सरकार हे मालक आणि लोक या कोंबड्या! एक माणूस मारला तर गुन्हा, लाखो मारले तर देशाचा अंतर्गत प्रश्न. हे त्या विद्यार्थ्याच्या डोक्यात जे बसलं ते शेवटपर्यंत निघालं नाही.

१९३३ मध्ये माद्रिदला कायदेपंडितांची परिषद होती तिथे त्याने असा गुन्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात आणावा म्हणून मसुदा पाठवला, कुणी मनावर घेतलं नाही. १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा तो वॉर्सातून पळाला, लिथुएनिया, स्वीडन, मग रशियातून जपान आणि तिथून अमेरिका, असा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून १९४१ ला पोचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चिल रेडिओवर म्हणाले होते की आपण नाव नसलेल्या एका गुन्ह्यासमोर उभे आहोत. नाव लेमकिनने दिलं, १९४४ च्या पुस्तकात. युद्ध संपलं तेव्हा कळलं की मागे राहिलेल्या नातेवाइकांपैकी ४९ जण गेले होते. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर जो खटला चालला त्याच्या आरोपपत्रात त्याचा शब्द आला, निकालात मात्र आला नाही, तेव्हा हा माणूस न्यूयॉर्कला जाऊन प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीच्या मागे लागला, दारात उभा राहायचा, पत्रं लिहायचा, लोक त्याला बघून रस्ता बदलायचे म्हणतात. १९४६ च्या डिसेंबरात आमसभेने वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे असा पहिला ठराव केला आणि तो मांडणारे तीन देश होते क्युबा, पनामा आणि भारत. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला पण फार उशिरा कळलं.

आणि ९ डिसेंबर १९४८, पॅरिसमध्ये आमसभेत वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर झाला, ५६ विरुद्ध शून्य. तीच ही तारीख. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला आणि त्याच्या गाजावाजात ९ तारीख झाकली गेली ती आजतागायत, तुमच्याकडेही १० तारखेला मानवी हक्कांवर अख्खा लेख होता, बघितला मी. करार १९५१ च्या जानेवारीत लागू झाला. लेमकिन १९५९ मध्ये न्यूयॉर्कला वारला, कफल्लक, अंत्ययात्रेला अगदी मोजकी माणसं. त्याच वर्षी भारताने कराराला कायम मान्यता दिली. अमेरिकेला मात्र १९८८ उजाडलं, तेही त्यांचे एक सिनेटर विल्यम प्रॉक्समायर १९६७ पासून सिनेटचं कामकाज असेल त्या जवळजवळ प्रत्येक दिवशी उठून यावर बोलत राहिले म्हणून, तीन हजारांवर भाषणं झाली त्यांची. मला अशी चिवट माणसं फार आवडतात. असो.

तर आता करारात काय म्हटलंय, कारण पेपरवाले इथेच घसरतात. राष्ट्रीय, वांशिक, वंशवर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करायच्या हेतूने केलेली पाच कृत्यं. त्यात मारणं हे फक्त पहिलं आहे. दुसरं, गटातल्या लोकांना शरीराची किंवा मनाची गंभीर इजा करणं. तिसरं, त्यांनी तग धरू नये अशी परिस्थिती मुद्दाम त्यांच्यावर लादणं. चौथं, त्यांच्यात मुलं जन्मू नयेत असे उपाय करणं. पाचवं, त्यांची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटाकडे देणं. म्हणजे एकही प्रेत न पडता हा गुन्हा होऊ शकतो! ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची मुलं पिढ्यानपिढ्या आयांच्या कुशीतून उचलून संस्थांमध्ये आणि गोऱ्या घरांमध्ये नेली गेली, १९९७ च्या चौकशी अहवालाने त्याला हाच शब्द लावला तेव्हा तिथे केवढा गदारोळ झाला, कारण लोकांच्या मनात शब्दाचा अर्थ गॅसच्या कोठड्या एवढाच होता. आणि आकडा? आकडा करारात कुठेच नाही. इतके मेले की वंशसंहार आणि त्याच्या आत हत्याकांड असं माप नाहीये ते. माप आहे ते हेतूचं. म्हणून तर कोर्टात सिद्ध करायला इतका जड जातो.

दुसरीकडे काय होतं बघा, कंबोडियात १९७५ ते १९७९ या चार वर्षांत पोल पॉटच्या राजवटीत साधारण सतरा ते वीस लाख माणसं मेली, उपासमारीने, कामाने, छळाने, गोळ्यांनी आणि गोळ्या वाचवायला कुदळींनी. पण मरणारे बहुतेक ख्मेर, म्हणजे तिथला बहुसंख्य समाज, आणि मारणारेही ख्मेर, आणि राजकीय गट हा प्रकार १९४८ लाच मसुद्यातून काढला गेला होता, सोव्हिएत रशियाने त्याला जोरदार विरोध केला होता आणि इतरही काहींना तो नकोच होता. त्यामुळे २०१८ ला जेव्हा तिथल्या विशेष न्यायालयाने निकाल दिला तेव्हा वंशसंहार हा शब्द लागला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत, बाकीच्यांसाठी मानवतेविरुद्धचे गुन्हे. आता जी बाई भाताच्या शेतात उपाशी मेली ती ख्मेर होती म्हणून तिचं मरण कमी झालं का? नाही ना. म्हणजे हा शब्द काही मेडल नाही, की ज्याला मिळालं त्याचं दुःख पहिल्या नंबरचं आणि बाकीच्यांचं उत्तेजनार्थ. पण आपल्याकडे सर्रास तसाच वापरतात. आपल्या बाजूचे चार मेले तरी नरसंहार, समोरच्यांची अख्खी वस्ती गेली तर "हिंसक घटना". हेडिंगवरूनच कळतं पेपर कुणाचा ते.

आणि शब्द स्वस्त करण्याइतकंच वाईट म्हणजे शब्द लपवून ठेवणं. आफ्रिकेतल्या रुआंडाचं उदाहरण मला विसरता येत नाही. १९९४, ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून साधारण शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, बहुतेक तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजातली, आणि त्यांना वाचवू बघणारे किंवा या प्रकाराला विरोध करणारे बहुसंख्य समाजातले हुतूसुद्धा. कोण तुत्सी हे ओळखायचं कसं? ओळखपत्रावर लिहिलेलं होतं. बेल्जियमचं राज्य असताना १९३० च्या दशकात ती कार्डं काढली होती, प्रत्येकावर हुतू, तुत्सी की त्वा ते छापलेलं, स्वातंत्र्यानंतरही कुणी ते काढलं नाही, आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून माणूस जाऊ द्यायचा की कापायचा ते ठरत होतं. साठ वर्षं एका रकान्याने वाट बघितली म्हणा ना. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमिओ डालेर, यांनी ११ जानेवारीलाच न्यूयॉर्कला कळवलं होतं की शस्त्रं साठवली जातायत, तुत्सींच्या याद्या बनतायत, मला साठ्यांवर छापा घालू दे. परवानगी मिळाली नाही. आणि कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने काय केलं, तर २१ एप्रिलला फौज वाढवायच्या ऐवजी साधारण अडीच हजारांवरून २७० वर आणायचं ठरवलं.

आणि शब्दाचं काय? ३० एप्रिलला सुरक्षा परिषदेच्या निवेदनात कराराची भाषा जवळजवळ जशीच्या तशी आली, फक्त तो एक शब्द सोडून. प्रूफरीडर म्हणून मला त्या निवेदनाचं कौतुक वाटतं हो, इतकं काळजीपूर्वक टाळणं सोपं नसतं. जूनमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांना सांगत होत्या की तिथे "वंशसंहाराची कृत्यं" घडलीत, पण वंशसंहार झालाय असं त्या म्हणेनात. तेव्हा एका वार्ताहराने विचारलं, वंशसंहाराची किती कृत्यं झाली म्हणजे वंशसंहार होतो? याला उत्तर नव्हतंच. शब्द उच्चारला की काहीतरी करावं लागेल अशी भीती, म्हणून शब्दच नको. एका पत्रकाराचा एक नीट प्रश्न, बघा, तीस वर्षांनी पण लक्षात राहतो.

आता संपादकसाहेब, मुद्द्याचं लिहिते, राग मानू नका. या सगळ्या इतिहासात तुमच्या धंद्यातली माणसं आहेत, आणि ती फक्त प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला नाहीत. रुआंडात कांगुरा नावाचा पेपर निघायचा. १९९० च्या डिसेंबरात त्यात हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या होत्या, तुत्सी बाईशी लग्न करणारा हुतू गद्दार, तुत्सींशी व्यवहार करणारा गद्दार, अशा. कत्तलीच्या तीन वर्षांहून जास्त आधी. पेपर होता, लोक विकत घेत होते, कुणी वाचून हसतही असेल, काय पण लिहितात म्हणून. मग १९९३ मध्ये आरटीएलएम हे रेडिओ स्टेशन सुरू झालं, गाणी छान लावायचे म्हणतात, तरुण पोरांना आवडायचं, आणि गाण्यांच्या मध्ये मध्ये तुत्सी म्हणजे झुरळं, इन्येंझी, हा शब्द इतक्यांदा की तो शिवीसुद्धा वाटेनासा झाला. मारायला गेलं की त्याला म्हणायचे "काम". कामाला चला, काम झालं का, काम अजून बाकी आहे. कत्तल सुरू झाल्यावर त्याच रेडिओवरून माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर सांगितले गेले. रुआंडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या रेडिओच्या दोघांना आणि कांगुराचा संपादक हसन एंगेझे याला दोषी ठरवलं. एंगेझेला जन्मठेप झाली, अपिलात २००७ मध्ये ती ३५ वर्षांवर आली. कराराच्या तिसऱ्या कलमात थेट आणि जाहीर चिथावणी हा स्वतंत्र गुन्हाच सांगितलाय. आणि त्याच्याही आधी न्यूरेंबर्गला युलियुस श्ट्राइशर फाशी गेला, १९४६ च्या ऑक्टोबरात, तो ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं साप्ताहिक चालवायचा. त्याने स्वतः छळछावणी चालवली नव्हती. छापलं होतं.

मी तुमच्या पेपराची त्यांच्याशी तुलना करत नाहीये, तेवढी अक्कल आहे मला. पण तुमच्या बातम्यांखाली ऑनलाइन जे लोक लिहितात ते तुम्ही वाचता का कधी? किडे, साप, कचरा, साफसफाई. साफसफाई हा शब्द तर आता मथळ्यातसुद्धा दिसतो. माणसांच्या बाबतीत हे शब्द आले की माझी पेन्सिल आपोआप थांबते. नोकरीत असताना एकदा एका लेखात "कीड ठेचली पाहिजे" असं वाक्य होतं, कीड म्हणजे एक समाज, मी खाली रेघ मारून प्रश्नचिन्ह केलं तर वरून उत्तर आलं की तुमचं काम शुद्धलेखन बघायचं, कीड शब्द शुद्ध आहे. ते वाक्य छापून आलं. मी गप्प बसले, नोकरी होती. हे अजून टोचतं म्हणून सांगितलं.

आता सन्मानाचं, कारण ते माझ्या मते तिघांत सगळ्यात अवघड. आठवण म्हणजे आपण आकडा छापतो आणि सुटतो. साठ लाख, आठ लाख, आठ हजार. मारणाऱ्यानेही आकडाच केला होता ना त्यांचा? कंबोडियाच्या राजधानीत, नोमपेन्हला, तुओल स्लेंग म्हणून जागा आहे, आधी शाळा होती, पोल पॉटच्या लोकांनी तिचा तुरुंग केला, तिथे आणलेल्या कैद्यांचे हजारो फोटो आज भिंतीवर आहेत. ते काढले कुणी तर मारणाऱ्यांनीच, नोंद म्हणून. कित्येकांच्या छातीवर नंबर आहे, नाव नाही. त्या फोटोकडे बघताना आपण मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून बघत असतो हे लक्षात आलं की बघवत नाही. याच्या उलट रुआंडाच्या राजधानीत, किगालीच्या स्मारकात, जिथे अडीच लाखांहून जास्त माणसं पुरलीत, मुलांसाठी एक वेगळा भाग आहे. एकेका मुलाचा मोठा फोटो, नाव, वय, काय खायला आवडायचं, लाडकं खेळणं कुठलं, आणि मग शेवटी कसं मारलं. एवढंच. आकड्याने जे होत नाही ते तिथे त्या खेळण्याच्या ओळीने होतं.

आणि स्रेब्रेनित्सा. बोस्नियातलं हे गाव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ ला "सुरक्षित क्षेत्र" म्हणून जाहीर केलं होतं, नेदरलँड्सचे सैनिक राखणीला होते, आणि ११ जुलै १९९५ ला बोस्नियन सर्बांच्या फौजेने ते घेतलं, पुढच्या काही दिवसांत आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली. पुरलं, आणि मग पुरावा नको म्हणून काही आठवड्यांनी यंत्रं लावून खड्डे उकरले आणि प्रेतं दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली. यंत्राने उकरल्यावर काय होणार, एकाच माणसाची हाडं तीन-चार ठिकाणी. मग डीएनए. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे आणि हाड न हाड जुळवायचं, हे काम इतकी वर्षं झाली तरी चालू आहे. दर ११ जुलैला पोटोचारीच्या स्मशानात त्या वर्षी ओळख पटलेल्यांना पुरतात. आणि तिथल्या आयांपुढे प्रश्न असा असतो की मुलाची दोनच हाडं मिळालीत, ती पुरायची की आणखी काही सापडेल म्हणून थांबायचं. काही जणी थांबल्या. काही जणींनी पुरलं आणि नंतर आणखी हाडं सापडली म्हणून कबर परत उघडावी लागली. सन्मान हा शब्द ठरावात लिहिणं सोपं आहे, तिथे तो असा दिसतो.

रोखण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखं फारसं काही नाही. एक गोष्ट मात्र सांगते. २००७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सर्बियाला, स्रेब्रेनित्साचा वंशसंहार तुम्ही केला असं नाही म्हटलं, पण रोखला नाहीत म्हणून जबाबदार धरलं, आणि सांगितलं की रोखायची जबाबदारी गंभीर धोका आहे हे कळलं त्या क्षणापासून सुरू होते. निकाल लागल्यापासून नाही, धोका कळल्यापासून. २०१९ ला नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच सरकारला साधारण ३५० पुरुषांच्या मृत्यूबद्दल १० टक्के जबाबदार धरलं. १० टक्के! कसं मोजलं असेल, पण निदान मोजलं. आज म्यानमारवर रोहिंग्यांच्या बाबतीत गांबियाने, आणि इस्रायलवर गाझाच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेने त्याच न्यायालयात याच कराराखाली केस टाकल्या आहेत. दोन्ही देश आरोप नाकारतात. तुमच्याकडे या बातम्यांत कधी "नरसंहार" सरळ छापलेलं असतं, कधी अवतरणात, कधी गायबच, कुठली एजन्सी आणि कोण उपसंपादक ड्यूटीवर त्याप्रमाणे. माझं म्हणणं, आरोप आहे तर आरोप म्हणा, कुणी केला ते सांगा, कोर्टाने आतापर्यंत नेमकं काय आदेश दिले ते सांगा. पण "निकाल लागू दे मग बघू" हे मात्र म्हणू नका, कारण रुआंडाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा पहिला निकाल लागला तो १९९८ च्या सप्टेंबरात, सगळं संपून चार वर्षांनी.

तो निकाल झां-पॉल अकायेसू नावाच्या माणसाचा, आंतरराष्ट्रीय कोर्टाने या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलेला पहिला. ताबा नावाच्या भागाचा प्रमुख, त्याआधी शिक्षक, मग शाळा तपासनीस. १८ एप्रिलपर्यंत त्याने आपल्या भागात हत्या होऊ दिल्या नव्हत्या, अडवत होता. मग वरच्या लोकांबरोबर एक बैठक झाली आणि तो बदलला. मला त्या तपासनीसाचं फार नवल वाटतं, कारण तो पहिल्यापासून राक्षस असता तर बरं झालं असतं. त्याच्या आरोपपत्रात आधी बलात्काराचा उल्लेखच नव्हता, एका साक्षीदार बाईच्या बोलण्यात तो आला, तेव्हा न्यायाधीशांपैकी नवी पिल्लै यांनी पुढे प्रश्न विचारले, आरोपपत्र दुरुस्त झालं आणि बलात्कारसुद्धा वंशसंहाराचं साधन असू शकतं हे पहिल्यांदा निकालात आलं. "नर"संहार म्हणताना हेही आठवावं.

तर मागणी एवढीच. पुढच्या ९ डिसेंबरला नाव नीट छापा. आकडा छापणार असाल तर त्याच्या शेजारी एक तरी माणूस छापा. आणि जागा नाही म्हणू नका, शब्दकोडं जरा लहान करा, मी स्वतः सोडवते ते, माझी हरकत नाही.

आपली,
एक जुनी वाचक (आणि निवृत्त मुद्रितशोधक)

ता.क. पत्र फार लांबलंय हे मला कळतं, तुम्ही कापणार हेही कळतं. लेमकिनचं कापा, सिनेटरचं कापा, कोड्याचं तर कापाच. कांगुराच्या संपादकाचा परिच्छेद मात्र कापायचा असेल तर पत्रच छापू नका.